४० आणि ४३ : एका निळ्या गाडीची गफलत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॉडेल गाड्यांच्या छंदावर पानभर मजकूर आला, त्याबद्दल आभार. मराठी वृत्तपत्रात अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचा उल्लेख क्वचितच होतो. पण त्याच पानावरच्या निळ्या, उंच पंखाच्या गाडीखाली 'रिचर्ड पेट्टी यांची १९७० ची डेटोना ५०० जिंकणारी गाडी' अशी ओळ छापली आहे, ती चुकीची आहे. ती शर्यत पीट हॅमिल्टन याने जिंकली. गाडीचा प्रकार तोच, प्लिमथ सुपरबर्ड. संघ पेट्टी एंटरप्रायझेसचाच आणि निळा रंगही तोच. हॅमिल्टनच्या दारावर मात्र ४० हा आकडा होता आणि पेट्टींच्या दारावर ४३. पेट्टींचे इंजिन त्या दिवशी सुरुवातीलाच गेले होते.

एवढ्यावरच भागत नाही. छायाचित्रातल्या मॉडेलच्या निळ्या रंगाला लाल पट्ट्यांची जोड आहे आणि बाजूला 'एसटीपी'ची भलीमोठी खूण आहे. एसटीपी कंपनी जाहिरातदार म्हणून पेट्टींच्या मागे उभी राहिली १९७२ मध्ये, आणि निळ्यासोबत लाल आला तो तेव्हापासून. सुपरबर्ड तर १९७० च्या हंगामाची गाडी. पुढल्याच वर्षी पंखवाल्या गाड्यांच्या इंजिनावर ३०५ घनइंचाची मर्यादा घातली गेली आणि त्या जवळपास नाहीशा झाल्या. म्हणजे छापलेल्या चित्रातली गाडी कोणत्याही चालकाने, कोणत्याही शर्यतीत चालवलेली नाही. कारखान्याने दोन लोकप्रिय गोष्टी एकत्र करून विकायला काढलेली ती एक कल्पना आहे.

खेळणे म्हणून ती झकास आहे, वाद नाही. पण थोर चालकांच्या सन्मानार्थ केलेला संग्रह म्हणून काही मांडायचे असेल, तर गाडी, आकडा, रंग आणि वर्ष यांचा मेळ बसलाच पाहिजे. बडोद्यात आता दिवाळीच्या सुट्टीत सोसायट्यांच्या हॉलमध्ये, वाचनालयांत अशा गाड्या मांडल्या जातात आणि मुले त्यांच्याखालच्या चिठ्ठ्या वहीत उतरवून घेतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक खुलासा. पुरवणीत या सगळ्यांना सरसकट 'फॉर्म्युला रेसिंग' म्हटले आहे. फॉर्म्युलाच्या गाडीची चाके उघडी असतात आणि ती जन्मतःच शर्यतीची असते. स्टॉक कारचे मूळ मात्र दुकानात विकत मिळणाऱ्या गाडीत आहे. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स यांनी बैठक बोलावली आणि १९४८ च्या फेब्रुवारीत नॅसकार या शर्यती भरवणाऱ्या संस्थेची रीतसर नोंदणी झाली. १९४९ च्या जूनमध्ये शार्लट इथे पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत झाली. तीत पहिल्या आलेल्या ग्लेन डनवेची गाडी मागच्या स्प्रिंगांमधल्या फेरफारामुळे बाद ठरली आणि जिम रोपर विजेता झाला. गाडी मूळची कशी होती आणि तिच्यात काय बदलले, हा या खेळातला पहिल्या दिवसापासूनचा वाद आहे. मॉडेल पारखताना तीच नजर लागते.

आता कोणत्या गाड्या निवडायच्या ते. नवा संग्राहक चालकाचे नाव धरून जी मिळेल ती गाडी घेतो आणि तिथेच फसतो. डेल अर्नहार्टचे उदाहरण घ्या. नाव घेतले की सगळ्यांना काळी ३ नंबरची शेव्हरले आठवते. त्याची हंगामाची सात विजेतेपदे १९८०, १९८६, १९८७, १९९०, १९९१, १९९३ आणि १९९४ ची. काळा रंग आला १९८८ मध्ये. त्याआधीची १९८६ आणि १९८७ ची विजेतेपदे रँग्लरची जाहिरात असलेल्या निळ्या-पिवळ्या गाडीतली आहेत, आणि १९८० चे तर २ नंबरच्या गाडीतले, दुसऱ्याच मालकाकडचे. काळ्या रंगात मिळवलेली चारही विजेतेपदे शेव्हरले ल्युमिनाची आहेत, शेव्हरलेचीच माँटे कार्लो शर्यतींत परत आली ती १९९५ मध्ये. तेव्हा काळ्या माँटे कार्लोखाली 'सात वेळच्या विजेत्याची गाडी' असे लिहिले तर ते चालकाबद्दल खरे आणि गाडीबद्दल खोटे. काळी माँटे कार्लो ठेवायचीच तर १९९८ ची ठेवा. विसाव्या प्रयत्नात अर्नहार्टने डेटोना ५०० जिंकली ती तिच्यातच.

पेट्टींचे २०० विजय आणि सात विजेतेपदे आहेत, त्यामुळे निवडीला वाव मोठा. एकच घ्यायची असेल तर १९६७ ची निळी प्लिमथ घ्यावी, असे आमचे मत आहे. त्या एका हंगामात त्यांनी २७ शर्यती जिंकल्या, त्यांतल्या दहा लागोपाठ. सुपरबर्डपुढे ती अगदी साधी दिसते म्हणून दुकानात पडून राहते. डेव्हिड पिअरसनची १९७६ ची वूड ब्रदर्स संघाची २१ नंबरची मर्क्युरीही हवीच. डेटोनाच्या शेवटच्या फेरीत पेट्टी आणि पिअरसन एकमेकांवर आदळले. पेट्टींची गाडी रेषेच्या थोडी अलीकडे बंद पडली. पिअरसनने इंजिन चालू ठेवले होते, मोडकी गाडी रखडत रखडत त्याने रेषेपलीकडे नेली. चेपलेल्या अवस्थेतली त्या गाडीची मॉडेलही निघतात, पण ती घ्यायची की धडधाकट घ्यायची हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

चालकवार मांडणीपेक्षा आम्हाला अधिक पटते ती एका शर्यतीची फळी. त्यासाठी १५ नोव्हेंबर १९९२ ची अटलांटाची शर्यत निवडावी, हंगामातली शेवटची. १:६४ मापाच्या पाच गाड्यांत एक पिढी उतरताना आणि दुसरी चढताना दिसते. पेट्टींची ४३ नंबरची पाँटिअॅक, त्यांची ही अखेरची शर्यत. मध्येच गाडी ठोकली गेली, आग लागली, तरी जमेल तेवढी दुरुस्ती करून शेवटच्या फेऱ्यांना ते पुन्हा ट्रॅकवर आले. २४ नंबरची इंद्रधनुषी पट्ट्यांची ल्युमिना जेफ गॉर्डनची, त्याची नॅसकारच्या सर्वोच्च पातळीवरची ही पहिलीच शर्यत. २८ नंबरची काळी फोर्ड थंडरबर्ड डेव्ही अॅलिसनची, जो गुणतक्त्यात आघाडीवर होता आणि अपघातात अडकून विजेतेपदाला मुकला. ११ नंबरची थंडरबर्ड बिल एलियटची, शर्यत त्यानेच जिंकली. आणि ७ नंबरची अॅलन कुल्विकीची. तो दुसरा आला, पण विजेतेपद घेऊन गेला.

हे कसे झाले ते चिठ्ठीवर लिहिण्यासारखे आहे. सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला तेव्हा पाच गुण जादा मिळत. कुल्विकी १०३ फेऱ्या पुढे होता, एलियट १०२. अंतिम गुण ४,०७८ आणि ४,०६८, फरक अवघा दहाचा. ते पाच गुण एलियटला गेले असते तर दोघांची बरोबरी झाली असती आणि हंगामातले विजय जास्त म्हणून विजेतेपद एलियटकडे गेले असते. पुढच्याच वर्षी कुल्विकी १ एप्रिलला विमान अपघातात गेला आणि अॅलिसन जुलैमध्ये हेलिकॉप्टरच्या. हे पाच जण पुन्हा कधी एका शर्यतीत दिसले नाहीत.

या फळीत कस लागतो तो कुल्विकीच्या गाडीवर. स्वतःच मालक, स्वतःच चालक, मोठ्या संघांपुढे तोकडे बळ. त्या शर्यतीसाठी त्याने फोर्डच्या आणि नॅसकारच्या परवानगीने गाडीच्या नाकावरच्या 'थंडरबर्ड' या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे काढून टाकली, राहिले 'अंडरबर्ड'. स्वस्त मॉडेलवर पूर्ण नाव छापलेले असते, म्हणजे ती गाडी त्या वर्षाची असेल, पण त्या दिवसाची नाही. घेण्याआधी नाकाचा फोटो मागवा. एलियटच्या गाडीवर बिअरची जाहिरात होती. मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या मॉडेलांवरून अशी नावे अनेकदा गाळतात, त्यामुळे नुसता लाल पत्रा आणि ११ आकडा दिसला तर बनावट समजू नये.

वर्ष ओळखायच्या आणखी काही खुणा. चालकाच्या बाजूच्या खिडकीतली जाळी सक्तीची झाली ती १९७० च्या मे महिन्यात डार्लिंग्टनला पेट्टींची गाडी उलटून त्यांचा हात आणि डोके खिडकीबाहेर आले त्यानंतर. फेब्रुवारी १९७० च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सुपरबर्डला जाळी असेल तर शंका घ्या. छपराच्या मागच्या भागात दोन झडपा असतात. गाडी उलटी फिरली की त्या हवेने उघडतात आणि गाडीला उडू देत नाहीत. त्या १९९४ पासूनच्या, म्हणून अटलांटाच्या फळीत एकाही गाडीच्या छपरावर झडपांच्या रेषा नकोत. चाके पाहा. २०२१ पर्यंत १५ इंची पोलादी चाक आणि पाच नट, २०२२ पासून १८ इंची अॅल्युमिनियमचे चाक आणि मधोमध एकच नट. दारावरचा आकडाही २०२२ मध्येच मधून सरकून पुढच्या चाकाकडे गेला. जुन्या गाडीला नवी चाके लावून विकणारे महाभाग आहेत, आणि एका नटावरून ते पकडले जातात.

प्रदर्शनात हमखास ऐकू येणाऱ्या दोन तक्रारी म्हणजे 'दारे उघडत नाहीत' आणि 'दिवे नुसते चिकटवलेत'. १९९० च्या दशकातल्या खऱ्या गाडीला उघडणारी दारे नसतात, चालक खिडकीतून आत शिरतो. दिवेही खरे नसतात, स्टिकर असतात. मॉडेलात दारे उघडत असतील तर उलट तेच खटकायला हवे. १९५० च्या सुमाराच्या हडसन हॉर्नेटसारख्या गाड्यांना दारे असत, पण पट्ट्याने आवळून बंद केलेली.

मापाबद्दल थोडक्यात. खरी गाडी साधारण पाच मीटर लांब, म्हणून १:६४ चे मॉडेल आठ सेंमीच्या आसपास आणि १:२४ चे एकवीस. सुपरबर्ड तिच्या लांब नाकामुळे ५६० सेंमीच्या पुढे जाते, म्हणजे १:२४ मध्ये साडेतेवीस सेंमी. बाजारातल्या बावीस सेंमीच्या तयार काचपेटीत ती तिरकी ठेवावी लागते आणि पंखाची टोके काचेला घासून रंग जातो. सुताराला आतले माप किमान २६ सेंमी द्यावे. अमेरिकन प्लास्टिक किट बहुतेक १:२५ ची असतात, तयार धातूच्या गाड्या १:२४ च्या. शेजारी ठेवल्यावर किट बारीक दिसते म्हणून ती वेगळ्या फळीवर ठेवावी.

काही गाड्या तयार मिळतच नाहीत किंवा परवडत नाहीत. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७०. बडोद्यात घरटी एक तरी माणूस अमेरिकेत, तेव्हा डिसेंबरात येणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगेतून १:६४ च्या गाड्या येतात हे खरे, पण दुर्मीळ गाडी तशीही मिळत नाही. ती स्वतः रंगवावी लागते. सुरुवातीला वेंडेल स्कॉटची ३४ नंबरची शेव्हरले घ्यावी, असे आम्ही सुचवतो. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर स्कॉट जिंकला. नॅसकारच्या सर्वोच्च पातळीवर जिंकलेला तो पहिला कृष्णवर्णीय चालक. पण निशाण आणि करंडक दिला गेला बक बेकरला. काही तासांनी चूक मान्य झाली तोवर प्रेक्षक घरी गेले होते. स्कॉट १९९० मध्ये वारला. अधिकृत करंडक त्याच्या कुटुंबाच्या हाती पडला २०२१ मध्ये. त्याच्यामागे मोठा जाहिरातदार नव्हता, म्हणून गाडीवर अक्षरेही मोजकी, आणि नवख्या हातासाठी हे सोयीचे. गाडी १९६२ ची बेल एअर, तिची १:२५ ची प्लास्टिक किट निघालेली आहे. धातूचे कवच मिळाले तर काम असे करावे.

१:६४ च्या गाडीचा तळ दोन रिव्हेटांनी धरलेला असतो. रिव्हेटच्या मध्यावर पंच मारून आधी खळगा करा, नाहीतर ड्रिल घसरून तळावरची अक्षरे खरवडते. मग ३ मिमीच्या बिटने फक्त टोपी उडवा, दीड मिमीपेक्षा खोल जायचे नाही. परत जोडायला त्याच खांबात १.६ मिमीचे भोक पाडून २ मिमीचा आटा पाडा आणि स्क्रू लावा. ओतीव जस्त ठिसूळ असते, आटा पाडताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे करत तेलाचा थेंब सोडत जा.

काचा, आतली बैठक आणि टायर बाजूला काढल्यावरच रंग उतरवायचा. हार्डवेअरच्या दुकानातले जेलसारखे पेंट रिमूव्हर चालते. गच्चीत, रबरी हातमोजे घालून ब्रशने लावा, दहा-पंधरा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. यानंतर उघड्या धातूला बोट लावू नका. खरी चूक इथे होते. घरात उरलेला ऑइलपेंट लोक थेट धातूवर मारतात. मॉडेलचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त आणि सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम. ऑइलपेंटमधल्या तेलकट आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो. पहिले काही महिने रंग छान दिसतो, मग नखाने पापुद्रा निघतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूवर पकड घेणारा अस्तराचा रंग, किंवा इपॉक्सी प्रायमर आधी मारावा, पातळ, दोन हात. त्यावर रंगाचे तीन-चार हलके हात, दर हातामध्ये दहा मिनिटे. एकच जाड हात मारलात तर दाराच्या रेषा बुजतात, आणि १:६४ वर त्या पुन्हा कोरता येत नाहीत.

बडोद्यात फवारणीचा रंग मारायचा मोसम उत्तरायणापासून होळीपर्यंत. पावसाळ्यात लॅकर मारला तर तो दुधाळ होतो. थिनर झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगात उतरते. काळ्या गाडीवर हा पांढरा धूर सगळ्यात ठळक दिसतो. झालाच तर घासायची घाई नको. कोरडा दिवस बघून वरून रिटार्डर (थिनर सावकाश उडू देणारे द्रव्य) मिसळलेल्या थिनरचा अगदी विरळ फवारा द्या, बहुतेक वेळा निवळतो.

आकडे आणि नावे पाण्यात भिजवून लावायच्या डेकलची. घरच्या इंकजेटवर डेकल कागद छापता येतो, पण शाई पाण्यात पसरते म्हणून छापल्यावर क्लिअर लॅकरचे दोन-तीन विरळ हात देऊन रात्रभर वाळवा. प्रिंटर पांढरा छापत नाही. पांढरा आकडा हवा तर पांढऱ्या बुडाचा कागद घ्या आणि काठोकाठ कापा. १:६४ ला दारावरचा आकडा सात-आठ मिमी उंच येतो. नक्की उंची खऱ्या गाडीच्या बाजूने घेतलेल्या छायाचित्रावरून, दाराच्या उंचीशी प्रमाण काढून ठरवावी. डेकल लावण्याआधी गाडीवर चकचकीत क्लिअर असलाच पाहिजे. मॅट पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, त्या खळग्यांत हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी चमकतो. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, मग ओल्या कागदावरच मिनिटभर राहू द्या, आपोआप सुटू लागले की ब्रशने सरकवा. डेकल मऊ करणारे द्रावण लावल्यावर ते सुरकुततेच. तेव्हा घाबरून बोट लावले की आकडा फाटलाच. वाळू द्या, आपसूक बसते. राहिलेला बुडबुडा बारीक सुईने टोचून पुन्हा द्रावण लावा.

काचा बसवताना सुपरग्लू नको. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट साय धरते आणि ती पुसून जात नाही. साधा पांढरा फेविकॉल टाचणीच्या टोकाने लावा, वाळल्यावर तो जवळजवळ दिसत नाही.

आता सांभाळणे. पुरवणीतला सल्ला होता की गाडी खोक्यातून कधीच काढू नये, भाव वाढतो. १९९० च्या दशकात या गाड्या इतक्या अमाप निघाल्या की त्यांतल्या बहुतेकांना आजही फारसा भाव नाही. खोके सीलबंद ठेवून पदरात पडते ते नुकसान. टायर मऊ पीव्हीसीचे असतील तर त्यातले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि ज्या प्लास्टिकला टायर टेकलेला असतो ते विरघळवू लागते. तळाला चार खड्डे पडतात आणि गाडी चिकटून बसते. ओढून काढू नका, टायरचा तुकडा खालीच राहील. झिप पिशवीत घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, टायर कडक झाला की पिशवीवरूनच हलकेच पिळून सोडवा, आणि पिशवी गाडी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दंव धरते. पुढे टायरखाली काचेची पट्टी किंवा जुन्या ओएचपी शीटचे तुकडे ठेवा. त्याहून चांगले म्हणजे तळाखाली छोटा ठोकळा, टायर एक-दोन मिमी अधांतरी.

आपल्या घरांतली आणखी एक सवय घातक आहे. कपाट म्हटले की डांबराच्या गोळ्या आल्याच. त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते, आतली बैठक आणि काचा धुरकट होतात. कापराचेही तेच. मॉडेलच्या कपाटात दोन्ही नकोत. नवे कपाट प्लायवूडचे किंवा एमडीएफचे असेल तर दारे उघडी टाकून निदान महिना-दीड महिना वारा लागू द्या. त्याच्या गोंदातून आणि लाकडातून निघणारी आम्ले जस्ताला खातात. बंद कपाटात गाडीवर पांढरी भुकटी दिसली तर आधी कपाटावर संशय घ्या.

जुनी गाडी विकत घेताना भर उन्हात तपासा. धातू ओतताना शिसे मिसळले गेले असेल तर तो आतून कुजतो. आधी केसासारख्या भेगा, मग कवच फुगून तळाशी जुळेनासे होते, शेवटी तुकडे. रंगाखालून उठलेली जाळीदार रेघ दिसली तर गाडी कितीही दुर्मीळ असो, घेऊ नका. याला औषध नाही. उष्णता आणि दमट हवा दोन्ही ते वाढवतात, आणि आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबर या दोहोंची कमी नसते.

कपाटातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवावी. छोटा डिजिटल मापक आत ठेवा. सत्तर लिटरच्या, म्हणजे साधारण ६० बाय ३० बाय ४० सेंमीच्या काचपेटीला दोनशे ग्रॅम सिलिका जेल लागते, तेही दाराच्या फटीला रबरी पट्टी लावली असेल तर. बुटांच्या खोक्यातल्या पाच ग्रॅमच्या पुड्या निरुपयोगी आहेत. रंग बदलणारे नारिंगी जेल घ्या. हिरवे पडले की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा नारिंगी होते, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. श्रावणात हे दर आठवड्याला करावे लागते. पश्चिमेच्या खिडकीसमोर कपाट ठेवूच नये. सगळ्यात आधी लाल आणि चमकदार नारिंगी रंग उडतात, आणि एसटीपीचा लाल नेमका त्याच जातीचा आहे.

धूळ मऊ मेकअप ब्रशने झाडावी. बोटांचे डाग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या काडीने निघतात. नेलपॉलिश रिमूव्हर वापरलात तर छापील नावे पुसली जातील, आणि ती परत छापता येत नाहीत.

शेवटी पुराबद्दल, कारण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्या घरांत शिरले तिथे खालच्या फळ्या बुडाल्या. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी धातूच्या गाड्या खाली आणि कागदी खोकी वर ठेवावीत, उलटे नाही. बुडालेली गाडी धुता येते, लगदा झालेले खोके परत येत नाही. पाण्यातून काढलेल्या गाडीवरचा गाळ वाळू देऊ नका. वाळलेला गाळ पुसताना पॉलिश कागदासारखा रंग ओरबाडतो. लगेच नळाच्या स्वच्छ पाण्याखाली उलटी-सुलटी धरून धुवा, तळाच्या भोकांतून पाणी आरपार जाऊ द्या. मग पंख्याखाली, सावलीत, चाके वर करून दोन दिवस. हेअर ड्रायरची गरम हवा लावली तर डेकल उचलते. आस पोलादी असतात आणि आधी तेच गंजतात, म्हणून चाके फिरवत प्रत्येक टोकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईने सोडा. तो टायरवर ओघळला तर तिथल्या तिथे टिपून घ्या.

आपले,
स्टॉक कार मॉडेलचे काही संग्राहक, बडोदे
(नावे व पत्ते संपादकांकडे)